दोन गोळ्यांच्या मधला वेळ

लंडनच्या शोरडिच भागात जेम्स पार्किन्सन नावाचा एक डॉक्टर राहत होता. अंगाला कंप सुटणाऱ्या एका आजारावर त्याने 1817 साली छोटी पुस्तिका छापली. तीत सहा माणसांची लक्षणं नोंदवली आहेत, पण हे सगळे काही त्याच्या दवाखान्यात आलेले नव्हते. दोघे त्याला रस्त्यात भेटले होते. एकाला तर त्याने नुसतं लांबून पाहिलं होतं.

लांबून पाहिलेल्या या माणसाला सावकाश चालताच येत नव्हतं. निघाला की धावतच सुटायचा. त्याच्याबरोबरचा सोबती आधी त्याच्यासमोर उभा राहायचा आणि दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचा. मग तो माणूस हळूहळू पुढे-मागे झुलायचा. तोल साधला की स्वतःच इशारा द्यायचा आणि निघायचा. त्याच क्षणी सोबती समोरून बाजूला सरकून पुढे पळायचा. वीसेक पावलांनंतर हा कोसळायच्या बेतात आला की त्याला सावरायला हजर असायचा.

सोबत्याचं नाव पुस्तिकेत नाही. तो बहुधा पगारी माणूस असावा. पण त्याचं कसब पाहण्यासारखं आहे. तो आजारी माणसाला ओढत नाही, उचलत नाही. निघायचं कधी, हेही तो ठरवत नाही. कुठे उभं राहायचं, कधी वाट मोकळी करायची आणि किती पावलांवर आपली गरज पडेल, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या काळी पार्किन्सनपाशी या आजारावर खात्रीचं औषध नव्हतं. सोबत्यापाशी वीस पावलांचा उपाय होता.

आता औषधं आहेत आणि ती चांगली आहेत. तरी सोबत्याचं काम संपलेलं नाही. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारात मित्र नेमकं काय करतात, ते कुठे उपयोगी पडतात आणि कुठे चुकतात, हे या प्रकरणात याच आजाराच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, आधाराने पाहू. मधुमेह, संधिवात, दमा, डायालिसिस या प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं असतं. मित्राच्या वाट्याला येणारं काम मात्र बरंचसं सारखंच असतं.

गोळी लागू होते, गोळी उतरते

मेंदूच्या आत खोलवर काळसर दिसणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. या पेशी डोपामीन नावाचं रसायन बनवतात. हालचाल सुरू करणं, तिचा वेग आणि आवाका सांभाळणं, एका हालचालीतून दुसरीत सहज जाणं, ही कामं डोपामीनवर चालतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. मग हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, तोल बिघडतो. अनेकांचा हात थरथरतो, पण सगळ्यांचाच नाही. त्यामुळे कंप नाही म्हणून पार्किन्सन्स नाही, असं मानून कितीतरी जण संधिवाताच्या किंवा 'वयोमानाच्या' नावाखाली वर्ष-दोन वर्षं काढतात.

डोपामीन थेट गोळीतून देऊन भागत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला ओलांडता येत नाही. लेव्होडोपा मात्र तो ओलांडतं आणि मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. 1960च्या दशकात हे औषध वापरात आलं आणि या आजाराचं रूपच पालटलं. आज ते कार्बिडोपाबरोबर एकाच गोळीत मिळतं. कार्बिडोपामुळे लेव्होडोपा वाटेतच वाया जात नाही आणि मळमळ कमी होते.

पहिली काही वर्षं गोळी छान काम करते. पुढे तिचा अंमल लवकर ओसरू लागतो. गोळी लागू झाली की 'ऑन', उतरली की 'ऑफ', हे शब्द मराठी घरांतही आता सर्रास ऐकू येतात. ऑनमध्ये असलेला माणूस मंडईतून भाजी घेऊन येतो, जिना चढतो, नातवाशी कॅरम खेळतो. तीन तासांनी त्याच माणसाला खुर्चीतून उठायला हात द्यावा लागतो. ज्याने त्याला फक्त सकाळी पाहिलं, तो म्हणतो, "हा तर ठणठणीत आहे." ज्याने फक्त दुपारी पाहिलं, तो म्हणतो, "संपलं याचं." आणि दोन्ही वेळा पाहणाऱ्या सुनेला कधीतरी वाटतं, मनात आलं की करतात, नाही तर बसून राहतात.

जेवणाचाही संबंध येतो. प्रथिनांतून तयार होणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेने शिरतात. गर्दी झाली की औषध मागे पडतं. म्हणून गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. उसळ, पिठलं, पनीर किंवा दूध पोटात गेल्या गेल्या घेतलेली गोळी काही जणांना उशिरा लागू होते, कधी लागूच होत नाही.

डॉक्टर गोळीची वेळ ठरवतात. दोन गोळ्यांच्या मधला वेळ त्यांना दिसत नाही, आणि मित्राचं काम तिथेच सुरू होतं. "अकराची घेतलीस ना? मग साडेअकराला निघू, एकच्या आत परत येऊ," असं म्हणणाऱ्या मित्राने औषधशास्त्र वाचलेलं नसतं. त्याने आपल्या दोस्ताचं घड्याळ पाठ केलेलं असतं.

तीन प्रकारची कामं

दीर्घ आजार म्हणजे एक न संपणारी नोकरीच, असा विचार ज्युलिएट कॉर्बिन आणि अँसेल्म स्ट्रॉस या अमेरिकी संशोधकांनी 1980च्या दशकात मांडला. आजारासह संसार करणाऱ्या जोडप्यांशी बोलून त्यांनी या नोकरीतली तीन कामं वेगळी काढली. पहिलं आजाराचं काम: गोळ्या, तपासण्या, व्यायाम, पथ्य. दुसरं रोजच्या जगण्याचं: स्वयंपाक, बिलं, साफसफाई, येणारे-जाणारे. तिसरं काम नजरेत भरत नाही. पूर्वी मी अमुक होतो, आता काय आहे, पुढे काय राहणार, या गोष्टीची घडी पुन्हा पुन्हा घालत राहायची. स्वतःची ओळख शाबूत ठेवण्याचं हे काम.

आपल्या घरांमध्ये पहिली दोन कामं बायको, नवरा, मुलगी, सून यांच्यावर पडतात आणि त्यांतच दिवस सरतो. संध्याकाळपर्यंत बोलण्याचे विषयही तेच उरतात. गोळी घेतली का, पोट साफ झालं का, काठी का नाही घेतली? यात प्रेम नसतं असं मुळीच नाही. पण ज्याने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तो दिवसभर केवळ रुग्ण होऊन राहतो.

तिसऱ्या कामात मित्राचा हात धरणारं कोणी नाही. तो येतो आणि म्हणतो, "मास्तर, नातीचं हे गणित अडलंय, बघा जरा." हात थरथरत असला तरी गणित सुटतं. मित्राने उपकार म्हणून विचारलेलं असो की खरोखर अडलं म्हणून, त्या अर्ध्या तासात आजार खोलीच्या कोपऱ्यात बसून राहतो. मित्राच्या आठवणीत आजाराआधीचा माणूस जिवंत असतो, आणि तो त्याच माणसाशी बोलत राहतो.

समदुःखी मित्र

दुसऱ्या प्रकारचे मित्र आजारामुळेच मिळतात. पुण्यात 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' हा गट कितीतरी वर्षं चालू आहे. तिथे आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. नियमित सभा होतात, तज्ज्ञांची व्याख्यानं होतात. 11 एप्रिलला, म्हणजे जेम्स पार्किन्सनच्या जन्मदिवशी, जागतिक पार्किन्सन्स दिन असतो आणि त्याच्या आसपास वार्षिक मेळावा भरतो. मुंबईत 2001मध्ये सुरू झालेली 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' ही संस्था गटाने व्यायाम आणि आधारगट चालवते.

अशा गटांत व्याख्यानाइतकंच मोलाचं असतं ते चहाच्या वेळचं बोलणं. तिथे देवघेव होते ती अगदी बारीकसारीक गोष्टींची, ज्या डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो किंवा तिथे बसल्यावर आठवतच नाहीत. रात्री कूस बदलता येत नसेल तर पलंगाच्या मधल्या भागावर सॅटिनचं कापड घालावं, अंग सरकतं. शर्टाची बटणं तशीच वर शिवून घ्यावीत आणि खाली वेल्क्रो लावावं, म्हणजे शर्ट शर्टासारखाच दिसतो. लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घालावं. चहा कपबशीऐवजी मोठ्या कानाच्या मगात आणि अर्धाच भरून घ्यावा. खुर्ची हातांची आणि जरा उंच असावी. उठताना आधी पुढे सरकून काठावर यावं, पाय मागे घ्यावेत, नाक गुडघ्यांच्या पुढे न्यावं आणि मग उठावं. जागच्या जागी वळू नये, मोठा वळसा घ्यावा. सही लहान होत होत बँकेत जुळेनाशी झाली तर चेक परत येण्याची वाट न बघता शाखेत जाऊन नव्या सहीचा नमुना द्यावा.

यातल्या काही गोष्टी जिवाच्या असतात. मळमळ-उलटीवर सहज दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड हे औषध डोपामीनलाच अडवतं आणि पार्किन्सन्सच्या रुग्णाची अवस्था बिघडवू शकतं. लेव्होडोपा अचानक बंद करणं धोक्याचं असतं. म्हणून दुसऱ्या कारणासाठी दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून बरोबर न्याव्यात आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आजार सांगावा. हे पुस्तकांतही असतं. पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं की कायमचं ध्यानात राहतं.

गटात लपवाछपवी संपते, हा आणखी एक फायदा. मायकेल जे. फॉक्स या नटाला 1991 साली, अवघ्या 29व्या वर्षी या आजाराचं निदान झालं. जगाला त्याने ते 1998मध्ये सांगितलं. मधली सात वर्षं तो कॅमेऱ्यासमोर उभं राहायची वेळ आणि गोळी लागू होण्याची वेळ जुळवत राहिला. आपल्याकडे नट नसलेली माणसंही हेच करतात. हात खिशात ठेवतात किंवा पिशवी थरथरणाऱ्या हातात घेतात. पंगतीत बसायचं टाळतात. मुलीचं लग्न ठरेपर्यंत कुणाला कळू देत नाहीत. लपवण्यात शक्ती जाते आणि ताणाने कंप वाढतो. जिथे सगळ्यांचेच हात थरथरतात, तिथे भाताचा घास सांडला तरी कुणी वळून पाहत नाही.

ओढू नका

आता एका प्रसंगाकडे जवळून पाहू. दोन जुने दोस्त संध्याकाळी खाली उतरायला निघाले आहेत. लिफ्ट येते, दार उघडतं आणि पार्किन्सन्स असलेल्याचे पाय उंबऱ्यापाशी जमिनीला खिळतात. वरचं अंग पुढे जायला निघालंय, पावलं मात्र जागच्या जागी थिरथिरतात. याला 'फ्रीज होणं' म्हणतात. दारं, अरुंद जागा, वळणं, गर्दी, घाई, कुणीतरी मागे खोळंबलंय ही जाणीव, यांतल्या कशानेही हे होऊ शकतं.

अशा वेळी बहुतेक जण दंडाला धरून ओढतात. धड पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो. "चल ना, चल पटकन," म्हटलं तर पाय आणखी घट्ट होतात.

अनुभवी मित्र थांबतो. लिफ्टचं बटण दाबून धरतो. "घाई नाही रे. आधी सरळ उभा राहा," म्हणतो. मग आपलं एक पाऊल आडवं, मित्राच्या पावलांपुढे थोड्या अंतरावर ठेवतो. "हे ओलांड." आणि सेकंदापूर्वी न हलणारा पाय उचलून पलीकडे पडतो. पाय उचलला गेला की मित्र आपलं पाऊल लगेच काढून घेतो, नाहीतर अडखळायचं.

हे घडतं कसं? रोजची चाल आपण विचार न करता चालतो. ती मेंदूच्या आतल्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेवर असते. पार्किन्सन्समध्ये नेमकी तीच कच खाते. पण समोर ओलांडायची वस्तू असली, जमिनीवर आडव्या रेषा असल्या किंवा कानावर ताल पडत असला, तर मेंदू लक्ष देऊन केलेल्या हालचालीची दुसरी वाट धरतो. म्हणूनच सपाट फरशीवर अडणारा माणूस जिना झपझप चढतो आणि बघणारे चक्रावतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2010 साली एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्याला दोन-चार पावलंही धड टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवल्यावर तो आरामात चालवत गेला, वळला आणि परत आला.

ही वाट उघडायला बाहेरून खूण लागते. ती फरशीवर चिकटवलेली पट्टी देऊ शकते, तसा मित्रही देऊ शकतो: "एक-दोन, एक-दोन" म्हणून, टाळी वाजवून, गाणं गुणगुणून. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 साली तिथल्या पार्किन्सन्स गटाबरोबर नाचाचे वर्ग सुरू केले आणि पुढे ते अनेक देशांत पोचले. पुण्यात समकालीन नर्तक ऋषिकेश पवार यांनी असे वर्ग चालवले. नाचात ताल असतो, समोर नजरेला धरायला दुसऱ्याचं अंग असतं आणि चुकलं तर हसायला माणसं असतात. व्यायामाचा तक्ता भिंतीवर लावून एकट्याने तो रोज पाळणारे थोडेच. कोणीतरी वाट पाहतंय म्हटल्यावर मात्र पायात चपला सरकवल्या जातात.

चेहरा आणि आवाज

पार्किन्सन्स मैत्रीलाच घेरतो, कारण मैत्री ज्या खुणांवर चालते त्याच तो पुसतो. चेहऱ्याचे स्नायू मंदावतात. विनोद कळलेला असतो, आत हसूही आलेलं असतं, पण चेहऱ्यावर काही उमटत नाही. पापण्या कमी लवतात. समोरच्याला वाटतं, याला आपण आलेलं आवडलं नाही. आवाज खोल जातो आणि एकसुरी होतो. बोलणाऱ्याला मात्र आपण नेहमीसारखंच बोलतोय असं वाटत राहतं. उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि मराठी कट्ट्यावर दोन वाक्यांच्या मधे जागा सापडेपर्यंत विषय तिसरीकडे गेलेला असतो. दोन-चार वेळा असं झालं की माणूस कट्ट्यावर जाणं सोडतो आणि मित्र म्हणतात, "तो हल्ली माणसांत नसतो."

याला उपाय साधा आहे, पण शिकावा लागतो. चेहरा वाचायचं सोडून द्यायचं आणि सरळ विचारायचं. प्रश्न विचारल्यावर दहापर्यंत मनात मोजायचं. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. टीव्ही बंद करायचा. ऐकू आलं नाही तर मान डोलावून वेळ मारून न नेता "मोठ्याने बोल" असं स्वच्छ सांगायचं. वाणीउपचारातही मोठा आवाज काढण्याचाच सराव करून घेतात. रोज संध्याकाळी फोनवर एकमेकांना वर्तमानपत्रातली एक बातमी खणखणीत आवाजात वाचून दाखवायची, एवढा रिवाज दोन मित्रांनी पाडला तर तो व्यायामही होतो आणि गप्पाही.

खिन्नता हाही या आजाराचाच भाग असतो. काही जणांत ती कंपाच्याही आधी येते. "मन खंबीर ठेव" या सल्ल्याने तिच्यात फरक पडत नाही. महिनाभर कशातच रस नाही, झोप नाही, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा मित्राच्या तोंडी येऊ लागली, तर त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जायचं.

जवळच्या माणसाला दिसतं ते कधीकधी विज्ञानालाही दिसलेलं नसतं. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेला आपल्या नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं जाणवलं. पुढे कितीतरी वर्षांनी, 45व्या वर्षी, त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं. दोघं पहिल्यांदा आधारगटाच्या बैठकीला गेली तेव्हा तोच वास तिला तिथल्या इतर रुग्णांनाही आला. तिने एडिंबरा विद्यापीठातले संशोधक टिलो कुनाथ यांना हे सांगितलं. त्यांनी तिला बारा जणांनी घातलेले टी-शर्ट हुंगायला दिले. सहा रुग्णांचे, सहा निरोग्यांचे. सहाही रुग्ण तिने अचूक ओळखले. एका निरोगी माणसालाही तिने रुग्णांत टाकलं, आणि काही महिन्यांनी त्यालाही पार्किन्सन्स असल्याचं निघालं. त्यातून त्वचेवरच्या तेलकट स्रावाचा अभ्यास सुरू झाला आणि चाचणी शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. आपल्या नवऱ्यासारखीच बाकीची माणसं त्या बैठकीत एका खोलीत बसली नसती, तर एका घरातली ही गोष्ट त्या घरातच राहिली असती.

घेणाऱ्यानेही द्यावं

1905 साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरने गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. सॅनेटोरियममध्ये जाणं त्यांना परवडत नव्हतं. प्रत्येकाने घरी रोज वही भरायची आणि आठवड्याला एकदा जमायचं, अशी शिस्त होती. प्रॅटचा हेतू आरोग्याचे नियम शिकवण्याचा होता. पण त्याच्या ध्यानात आलं की ही माणसं एकमेकांची वजनं वाढलेली पाहून हुरूप धरतात. समूह-उपचाराच्या इतिहासात या वर्गाला आरंभाचं स्थान आहे.

पुढे 1965 साली फ्रँक रिस्मन या अमेरिकी अभ्यासकाने आणखी एक गोष्ट मांडली. अशा गटांत मदत घेणाऱ्याइतका, कधी त्याहून जास्त, फायदा मदत करणाऱ्याला होतो. दुसऱ्याला समजावताना माणूस स्वतःलाच पुन्हा समजावतो आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत हे त्याला परत जाणवतं. आजारी माणसावर दिवसभर मदतीचा वर्षाव होत असतो. त्याच्याकडे मदत मागणारं कोणी नसतं.

देवाणघेवाणीचं एक रोखठोक उदाहरण मोझांबिकच्या टेटे प्रांतातलं. तिथे एचआयव्हीची औषधं घ्यायला लोकांना दर महिन्याला लांबवर चालत जावं लागे आणि त्यापायी कितीतरी जण उपचार सोडत. 2008 साली 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने तिथल्या आरोग्य खात्याबरोबर सहा-सहा रुग्णांचे गट बांधायला मदत केली. दर महिन्याला एकाने दवाखान्यात जायचं, आपली तपासणी करून घ्यायची आणि सहाही जणांची औषधं घेऊन यायची. सहा जणांत वाटल्यावर प्रत्येकाला वर्षाकाठी दोनच खेपा पडतात, आणि गावात सहा घरांना एकमेकांची खबर राहते. यात उपकाराचं ओझं कुणाच्याच डोक्यावर बसत नाही, कारण पाळी प्रत्येकाची येते.

मैत्री कुठे अंगावर येते

पहिला धोका औषधांचा. "मला अमुक गोळीने चटकन फरक पडला, तूही घे," हे वाक्य गटातून आणि मोबाइलवरून फार वेगाने फिरतं. पार्किन्सन्समध्ये प्रत्येकाचा डोस, वेळ आणि जोडीची औषधं निराळी. खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं हे खरंच आहे आणि आयुर्वेदात ती पूर्वापार वापरली जाते. म्हणूनच चालू गोळ्यांवर तिचं चूर्ण मनाने सुरू करणं म्हणजे न मोजता डोस वाढवणं होय. अनुभव सांगावा, डोस सांगू नये, एवढी एक रेघ गटाने पाळली तर पुष्कळ घोळ टळतात.

दुसरा धोका गप्प राहण्याचा. या आजारातल्या काही औषधांमुळे मोजक्या रुग्णांत अनावर ओढ निर्माण होते. आयुष्यात पत्ते न खेळलेला माणूस रात्र-रात्र ऑनलाइन रमी खेळतो किंवा भारंभार खरेदी करतो. त्याला यात वावगं वाटत नाही, घरच्यांना लाज वाटते. हा स्वभाव बिघडलेला नसून औषधाचा परिणाम असू शकतो आणि डोस बदलून तो आटोक्यात येतो, हे ठाऊक असलेला मित्रच इथे वेळेवर तोंड उघडू शकतो.

तिसरा धोका टाळता येत नाही. समदुःखी मित्रांच्या गटात आपल्या पुढची माणसंही असतात. नुकतंच निदान झालेला माणूस पहिल्या सभेला येतो, चाकाच्या खुर्चीतल्या सभासदाला पाहतो आणि पुन्हा फिरकत नाही. त्याला दोष देता येत नाही. हा आजार प्रत्येकात वेगळ्या गतीने जातो, हे सांगून धीर येतोच असं नाही. जाणते गट नव्या माणसाला थेट सभेला न बोलावता आधी त्याच्याच टप्प्यावरच्या एखाद्याशी गाठ घालून देतात. आणि जेव्हा मित्र खूप पुढे जातो किंवा जातोच, तेव्हा उरलेल्यांना दोनदा रडावं लागतं, त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी. त्यासाठी गटात जागा ठेवावी लागते. एखादी सभा नुसत्या आठवणींची झाली तरी चालते.

चौथी गोष्ट शुभंकराची. नवऱ्याचे मित्र येतात, हसतात-खिदळतात आणि जातात. चहाचे कप बायकोलाच विसळावे लागतात. ज्या दोन तासांत तुम्ही मित्रापाशी बसणार आहात, ते दोन तास तिला घराबाहेर जाता येईल असं पाहिलं तर तुमची मैत्री घरभर पोचते. त्यासाठी गोळीची वेळ, पाणी पिताना हनुवटी किंचित खाली ठेवायला सांगितली आहे का, संडासला नेताना कुठे धरायचं, एवढं तिच्याकडून आधी शिकून घ्यावं लागतं.

सुरुवात कशी करावी

"काही लागलं तर सांग" हे वाक्य आपण मनापासून म्हणतो, पण त्यात सगळं काम आजारी माणसावरच पडतं. काय लागतं ते त्याने शोधायचं, संकोच मोडायचा, फोन करायचा. त्याऐवजी वार आणि वेळ ठरवा. "दर गुरुवारी साडेचारला येतो. चारची गोळी घेऊन तयार राहा, बागेपर्यंत जाऊन येऊ." महिनाभर जमेल तेवढंच कबूल करा. भावनेच्या भरात रोज येतो म्हणणारा तिसऱ्या आठवड्यात गळतो, आणि वाट पाहणाऱ्याला ते न येण्यापेक्षा जास्त लागतं.

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या: ऑफ झालास तर मी काय करू, काय मुळीच करू नको आणि कुणाला फोन लावू? उत्तरं मोबाइलमध्ये नोंदवा. बाहेर जाताना त्याच्या गोळीचा एक डोस तुमच्या खिशात असू द्या. एखाद्या गुरुवारी त्याने "आज नको" म्हटलं तर रुसू नका आणि पुढचा गुरुवार मोडू नका. बागेऐवजी गॅलरीत बसलात तरी चालेल.

आणि त्याच्याकडूनही काहीतरी मागा. तुमच्या विम्याचा अर्ज त्याला वाचायला द्या. त्याला गाणं येत असेल तर एखादा राग शिकवायला सांगा. गटातल्या नव्या माणसाशी फोनवर बोलायचं काम त्याच्यावर सोपवा. काम होईल त्याच्या गतीने, पण पुढच्या गुरुवारी ते झालं का हे मात्र विचारा.